टीव्हीच्या डोळ्याला कुंकू

१० सप्टेंबर, बुधवार

म्हाताऱ्याचे हातपाय हलवायला योगिनी म्हणून एक पोरगी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ती काल म्हणाली, "आजी, नानांनी दिवसभरात काय केलं ते रोज लिहून ठेवत जा." मी म्हटलं, "काय करणार? पडून राहणार." ती म्हणाली, "मग तेच लिहा."

ही वही माझ्या दिंडोरीच्या भावाची. त्याला द्राक्षाच्या औषधवाल्यानं दिलेली. दर पानाखाली भुरीच्या रोगावर काय फवारायचं ते छापलंय. मी चौथीपर्यंत शिकले. चुका काढणाऱ्यानं आधी माझ्यासारखी शेवंती लावून दाखवावी.

आज काय केलं: पडून राहिला.

११ सप्टेंबर, गुरुवार

म्हातारा म्हणजे माझा नवरा मल्हारी. श्रावणात फुलांचं क्रेट उचलता उचलता खाली बसला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली. वाचा गेली. पाय थोडा परत आला, धरून मोरीपर्यंत जातो. हात नाही आला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तीन महिन्यांत जे परत येतं ते सोपं, पुढचं सगळं फार कष्टाचं. म्हणजे दिवाळी सरेपर्यंत मुदत. हात हलू शकतो, पण त्यांनी मनावर घ्यायला पाहिजे, असंही म्हणाले.

हा मनावर घेत नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. भिंतीत काय आहे देव जाणे.

आणि या माणसाची हाक अशी होती की मखमलाबादच्या नाक्यावर उभी असले तरी कळायचं, चहाची वेळ झाली. नाव कधी घेतलं नाही. नुसतं "एऽऽ". शेजारच्या मळ्यातल्या चार बायका वळून बघायच्या. मी म्हणायची, ओरडू नका, येते. आता घर एवढं गप्प आहे की फ्रिज बंद झालेला ऐकू येतो.

आज काय केलं: रिमोट फेकला. आमच्या घरात चार रिमोट. टीव्हीचा एक, केबलच्या डब्याचा एक, नेटवरचे पिक्चर दाखवणाऱ्या डबीचा एक बारका, आणि टीव्हीखाली भारतनं लांब भोंगा लावलाय त्याचा एक. भारत माझा मुलगा, अंबडला कारखान्यात आहे. चारही रिमोट मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबर लावलेत, सारखेच दिसतात. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं एक दाबला, निळा पडदा आला. दुसरा दाबला, आवाज गेला. तिसरा भिंतीवर आपटला. पूर्वी हाच चारही रिमोट मांडीवर घेऊन बसायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

मला राग आला. मग म्हटलं, चला, काहीतरी केलं तरी.

१४ सप्टेंबर, रविवार

सून साधना शाळेत क्लार्क आहे. कागद बघायची सवय, त्यामुळे यंत्राबरोबर आलेलं पुस्तकही वाचते. ती म्हणाली, "आई, आपल्या टीव्हीत सोय आहे. एकाच रिमोटवर सगळं चालतं. आपण कधी चालूच केली नाही."

"मग तीन वर्षं चार रिमोट कशाला पुसत बसले मी?"

"कंपनीला विचारा."

भारत टीव्हीच्या मागे बॅटरी घेऊन घुसला. जाड तारा एका ठिकाणच्या काढून दुसरीकडे खोचल्या. साधना समोर बसून काय काय निवडत गेली. तासभर दोघं भांडली, डावीकडची म्हणजे कुणाची डावीकडची यावरून. शेवटी साधनानं टीव्हीच्या रिमोटचं एक बटण दाबलं. टीव्ही लागला, त्यानं डब्याला उठवलं, भोंगाही उठला. एका बटणात तिघं. आमच्याकडे सकाळी तीन हाकांत एक माणूस उठत नाही.

"नाना, बघा, एकच रिमोट," म्हणून साधनानं तो त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यानं बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. साधनाचं तोंड पडलं. मी म्हटलं, "मी चाळीस वर्षं त्याच्यासाठी भाकरी थापली, मला काय म्हणाला तो? तू एका तारेवर काय रुसते."

बाकीचे तीन रिमोट शंकरपाळ्यांच्या डब्यात घालून त्याच्या खाटेच्या उशाशी स्टुलावर ठेवले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सुनेशी वाजलं. मी रोज झोपताना टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करते. दुपारी बाहेर जातानाही करते. माणसं घरात नसताना यंत्रानं लाल डोळा उघडा ठेवून कुणाची वाट बघायची?

साधना म्हणाली, "बोर्डावरून बंद केलं की ते मरतात, आई. त्यांना झोपू द्यायचं. मेलेल्याला रिमोट उठवत नाही."

"माझ्या घरात मी लाइट बंद करायची नाही?"

"करा. पण नानांना एखाद्या दिवशी वाटलं, दाबावं बटण, आणि ते लागलंच नाही, तर पुन्हा दाबतील का ते?"

ही पोरगी हळू बोलते म्हणून जास्त लागतं. बटण चालू ठेवलं. रात्री लाल डोळ्यावर टॉवेल टाकला.

आज काय केलं: योगिनीला हात धरू दिला. दगडाचा हात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मी मागच्या वाफ्यात झेंडू तोडत होते. भारत-साधना कामाला गेलेले. एकदम घरात टीव्ही लागला. लागला म्हणजे केवढ्यानं! भोंग्यातून कुणीतरी बाई डाळिंबाची कोशिंबीर सांगत होती, ती गंगापूर धरणापर्यंत गेली असेल. फुलं टाकून धावले. रिमोट टीव्हीपाशी, सकाळी पुसून मी ठेवला तिथंच. म्हातारा पडलेला, गोधडी गळ्यापर्यंत. आपोआप लागला! नवीन तारा.

बंद केला, वळले तर गॅसवर दूध कडेला आलेलं. मी विसरूनच गेले होते. नशीब की आले. आणखी थोडा वेळ गेला असता तर दूध ओट्यावर असतं.

२१ सप्टेंबर, रविवार

टीव्ही परवा पुन्हा लागला. मी पुढच्या दारी शेजारच्या भागीबाईशी बोलत बसले होते. लसणाचा विषय होता, संपतच नव्हता. भागीबाई घाबरली. म्हणाली, "मालन, पितरांचा पंधरवडा चाललाय. तुझ्या सासूला कायतरी पायजे असंल."

मी म्हटलं, "सासू असती तर यापेक्षा मोठा आवाज आला असता."

पण मनात आलंच. आज सर्वपित्री. वडे केले, खीर केली, पान कौलावर ठेवलं. कावळा लगेच शिवला. म्हटलं, चला, मिटलं.

दुपारी मी भांडी घासत होते, पुन्हा लागला. म्हणजे सासू नव्हे, तारच. वडे कावळ्याला गेले.

शंकरपाळ्यांच्या डब्यात रबर शोधायला गेले तर दोनच रिमोट. नेटच्या डबीचा बारका नाही. साधनाला विचारलं, तिनं हात लावला नाही म्हणते. खाटेखाली झाडू फिरवला. नाही. या घरात वस्तूंना पाय फुटलेत आणि माणसाचा एक हात जागचा हलत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

मी मोरीत कपडे धूत होते. टीव्ही लागला. या वेळी ठरवलं, जायचंच नाही, बोंबलू दे. तो काही थांबेना. हात पुसत गेले, आणि त्याच्या खिडकीतून दिसलं, भागीबाईची बकरी माझ्या दसऱ्याच्या झेंडूत! पुढचा पट्टा निम्मा साफ. दांडकं घेऊन धावले.

बिघडलेल्या टीव्हीचा एवढा एक उपयोग झाला.

आज काय केलं: बकरीमागे मी धावत होते तेव्हा म्हाताऱ्याचं तोंड खिडकीकडे होतं. बायको पडते का बघत असेल.

२७ सप्टेंबर, शनिवार

खरं लिहिते, कुणी वाचणार नाही म्हणून. परवा मनात आलं, श्रावणात हा गेला असता तर दोघंही सुटलो असतो. लगेच जीभ चावली. पण आलं होतं मनात. मी त्याच्याशी बोलतही नाही आता. उत्तर येत नाही त्याच्याशी काय बोलायचं? औषध देते, पुसते, भरवते आणि वाफ्यात जाते. वाफ्यात काम नसलं तरी बसते. फुलं बोलत नाहीत, पण त्यांच्याकडून अपेक्षाही नसते.

आजही लागला. मी बांधावर नुसती बसले होते. या वेळी दूध नाही, बकरी नाही, काही नाही. उगाच मला उठवून आणलं.

२८ सप्टेंबर, रविवार

भारतला सांगितलं, ती तार काढून टाक. जुने चार रिमोट बरे होते, निदान आपापल्या जागी गप्प बसायचे. साधना म्हणाली, "नानांसाठी केलं होतं, आई."

"त्यांनी एकदा तरी हात लावला का?"

भारतची आज जादा पाळी, म्हणाला पुढच्या रविवारी काढतो. पाच तारखेला.

मी हे म्हाताऱ्याच्या खाटेशीच उभी राहून बोलले. त्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होता. मग तोंडातून काहीतरी आवाज काढला. मी पाणी दिलं, प्यायला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

दसऱ्याची तोडणी. कंबर गेली. योगिनी आली तेव्हा मी क्रेट भरत होते. ती म्हणाली, "आजी, तुम्ही नानांच्या अंगठ्याला मालिश करता का? हा भाग मऊ पडलाय."

"मला कुठला वेळ? फुलाला विचार."

"मग कुणी करतं?"

"कोण करणार? भिंत?"

तिनं त्याला सांगितलं, नाना, अंगठा हलवून दाखवा. त्यानं डोळे मिटले. हट्टी. कुणी सांगितलं की करायचं नाही, ही जुनी खोड. डॉक्टरांच्या मुदतीची दिवाळी आता कितीशी लांब?

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी हत्यारांची पूजा केली. कोयता, खुरपं, फवारणीचा पंप, भारतचे पाने, साधनाची गाडी. आमच्यात ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याला गंधफूल. टीव्हीलाही हळदकुंकू लावलं. म्हटलं, आता तरी शहाणा हो. बोट ओलं होतं, कुंकू छान बसलं, खाली मधोमध. वर झेंडूची माळ.

भारत सोनं लुटायला मित्रांकडे गेला. मी पुरणाला लागले, साधना अंगणात आपट्याची पानं निवडत होती. दहा मिनिटांत टीव्ही लागला. केवढ्यानं! मी रिमोट घेतला, दाबला. बंद होईना. पुन्हा दाबला. जवळ जाऊन दाबला. आपटून दाबला. आधी नको तेव्हा लागत होता, आता बंदही होत नाही. बोर्डावरून मारला. साधनाला हाक मारली, "बघ तुझी सोय!"

ती आली, बोर्डाचं बटण चालू केलं, रिमोट घेतला, टीव्हीकडे बघितलं आणि हसायलाच लागली. "आई, तुम्ही टीव्हीच्या डोळ्यालाच कुंकू लावलंत! टीव्ही रिमोटला याच्यातून बघतो. याला दिसणार कसं?"

पदरानं पुसलं. रिमोट चालला.

मला आपलं बरं वाटलं, चूक माझी निघाली तरी बिघाड कळला. मग म्हटलं, "थांब. डोळा मिटलेला होता ना? मग मघाशी लागला कसा?"

"त्या बारक्या रिमोटला डोळा लागत नाही. तो नेटच्या डबीशी बोलतो, गोधडीखालूनसुद्धा. डबी उठली की तारेतून टीव्हीला उठवते. पण तो तर…"

ती थांबली. मीही थांबले. तो तर हरवलाय.

आम्ही दोघींनी खाटेकडे बघितलं नाही. साधना म्हणाली, "मी पानं निवडते," आणि गेली. मी पुरण ढवळलं. लागलं होतं थोडं तळाला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दोघं कामाला गेल्यावर मी त्याच्या खाटेशी उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "मी चालले फुलात. हे बोर्डाचं बटण बंद करून जाते, उगाच वीज जाते." आणि बटणाला बोट लावलं.

गोधडी हलली. उजवीकडून.

बोट काढून घेतलं. म्हटलं, "जाऊ दे, आल्यावर करते." बाहेर गेले, पण वाफ्यात गेले नाही. वळसा घालून त्याच्या खिडकीखाली तगरीच्या झाडामागे बसले. अडुसष्टाव्या वर्षी बाई चोरासारखी उकिडवी. भागीबाईनं बघितलं असतं तर गावभर झालं असतं.

तो दाराकडे बघत होता. मग गोधडीखाली काम सुरू झालं. दातांनी ओठ धरला. कपाळावर घाम. गोधडी घसरली आणि मला हात दिसला. उजवा. दगडाचा म्हणत होते तो. अंगठा वर उचलायचा, निम्म्यावर पडायचा. पुन्हा उचलायचा. मी माझ्या आयुष्यात इतक्या हळू चाललेलं काम बघितलं नाही. पाच वेळा पडला. सहाव्या वेळी टीव्ही गरजला.

त्यानं दाराकडे बघितलं. माझी वाट बघत होता.

मी लगेच गेले नाही. उकिडवं बसून पायाला मुंग्या आल्या होत्या.

मग गेले, गोधडी ओढली. बारका रिमोट त्याच्या मुठीत. प्लास्टिकची पिशवी तशीच, रबर तसंच, फक्त एका बटणावरचं प्लास्टिक दाबून दाबून फाटलेलं.

"पंधरा दिवस मला पळवलं?" मी म्हटलं. "दूध? बकरी? बरं, ते दोन्ही मान्य. आणि मी बांधावर बसले होते तेव्हा काय पेटलं होतं?"

त्याचं अर्धं तोंड हसलं. अर्धंच हसतं आता. मग छातीतून जोर काढून आवाज काढला, "ए."

शेपूट नव्हतं त्याला, पूर्वीसारखं लांब. पण तोच.

मी म्हटलं, "ओरडू नका. आले ना."

दुपारी योगिनी आली. मी नुसती गोधडी बाजूला केली आणि म्हटलं, "दाखवा बाईंना." त्यानं दाखवलं. योगिनी खाटेवर बसलीच. "आजी, हा अंगठा कुणी शिकवला?"

"बकरीनं," मी म्हटलं.

तिला सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, आता दर बोटाला एक बटण. अंगठा टीव्ही उठवायला, पहिलं बोट आवाजाला. मी तिला तीन महिन्यांचं विचारलं. म्हणाली, "तीन महिन्यांनी दार लागत नाही, आजी. फक्त चढ वाढतो. आणि नानांनी सुरुवात आधीच केलीय, आपल्यालाच माहीत नव्हतं."

संध्याकाळी भारतला सांगितलं, "तार राहू दे." तो म्हणाला, "का गं? तूच तर…" मी म्हटलं, "मोठ्या माणसांना उलट विचारू नये." साधना भाजी चिरत होती, तिची मान खाली होती पण खांदे हलत होते.

आज काय केलं: हाक मारली.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहिल्या बोटानं आवाज वाढवला. कमी करणं जमत नाही. त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

मी आता जाता-येता बोलते त्याच्याशी. भाव, बकरी, भागीबाईचा लसूण. उत्तर येत नाही ते एका परीनं बरं, पूर्वी माझं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही.

मालिश मीच करते. योगिनी चुकीच्या तेलानं करत होती.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

उटणं लावून आंघोळ घातली, धरून खुर्चीत बसवला. आज बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं आणि त्यानं ताटात काही टाकायचं. भारत नेहमीच्या शहाणपणानं बापाच्या डाव्या हातात काहीतरी कोंबायला गेला. म्हाताऱ्यानं हात झटकला. "न्" असं काहीतरी म्हणाला. नको म्हणाला, स्पष्ट कळलं.

मी ओवाळलं. तो थांब असं डोळ्यांनी म्हणाला. मग उजवा हात मांडीवरून निघाला. मांडीवरून खुर्चीच्या दांडीवर, तिथं थोडा दम, दांडीवरून ताटाच्या कडेला. निरांजनातलं तूप कमी व्हायला लागलं. बोटं एकेक करून उघडली आणि बारका रिमोट ताटात पडला. सुपारी उडाली, कुंकवाची कुयरी कलंडली.

साधना सुपारी शोधायला खाली वाकली ती वाकलेलीच. भारतला एकदम पंख्याचं काय झालंय ते बघायचं होतं. दिवाळीत पंखा कोण लावतं?

मी रिमोट उचलला, कुंकू पुसलं. म्हटलं, "हा घेऊन मी काय करू? मी फुलात असते. तुमच्याकडेच राहू दे." आणि त्याच्या हातात दिला. उजव्या. त्यानं धरला.

पिशवी बदलायला पाहिजे होती, फाटलीय. पण राहू दे, त्या भोकामुळे अंगठ्याला बटण सापडतं.

हे बांधावर बसून लिहितेय. शेवंतीचा शेवटचा पट्टा राहिलाय. बोर्डाचं बटण चालू ठेवून आले. बकरी बांधलेली आहे, दूध सकाळीच तापवलं, गॅस बंद आहे, मी तीनदा बघितला. म्हणजे आज त्याला बोलवायला काही कारण नाही. बघू तर किती वेळ

लागला. जाते.